आधी दार, मग पीठ

मला सासू नव्हती. छप्पन्न सालच्या हिवाळ्यात माझं लग्न झालं तेव्हा मावश्या-काकवा एका सुरात म्हणाल्या, "पोरीनं नशीब काढलं बाप्पा! ना सासू, ना नणंद, ना जाऊ." आमचे हे मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले, आईबापांविना. यवतमाळात मोटारस्टँडजवळ सायकली, स्टो आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. माझे वडील दारव्ह्याकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर. त्यांना जावई पसंत पडला, मला नवरा पसंत पडला, आणि मी दोन ट्रंका घेऊन हरखून यवतमाळात आले.

आठ दिवसांत कळलं की सासू आहे. साठीला आलेली, उंच, गोरी, पायात नाडीचे काळे बूट, आणि बंगल्यात राहणारी. खरी सासू असती तर चार भांडी आपटता आली असती, माहेरी जाऊन गाऱ्हाणी सांगता आली असती. हिच्याशी भांडायची सोयच नव्हती. ती परदेशातून आलेली मिशनरी, सगळ्या ख्रिस्ती मंडळीची मिससाहेब होती.

तिनं ह्यांना दोन वर्षांचे असल्यापासून वाढवलं होतं. बोर्डिंगातली पोरं तिला मिसमाय म्हणायची, आणि पंचवीस वर्षांचा, चांगला मिशा असलेला माझा नवराही मिसमायच म्हणायचा. माय म्हणे! तो शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी हट्टानं मिससाहेबच म्हणायची.

चार वाजले की हे दुकानाच्या फळ्या लावून बंगल्यावर जायचे. चहा तिथं. मी घरी चहा करून ठेवायची, तो निवून जायचा, मग मी रागानं दोन्ही कप एकटीच प्यायची आणि संध्याकाळी मला पित्त व्हायचं. "अवो, घरचा चहा काय कडू लागतो काय?" असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "तसं नाई वं. ती एकटी हाये." आणि मी? मी काय वरातीत बसले होते?

देवळाची सगळी कामं ह्यांच्याकडं. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. घंटा ह्यांनी वाजवायची, बत्त्या ह्यांनी भरायच्या, पेटीचा भाता फाटला तर ह्यांनी सांधायचा. मिससाहेबांची जीप तर ह्यांच्या जिवाला बांधलेली. मी शनिवारी देऊळ झाडायची आणि रविवारी शब्बाथशाळेत लहान पोरांना गाणी शिकवायची. नवराबायको दोघंही सेवेला लागलेले, म्हणून मंडळीत आमचं फार कौतुक व्हायचं. कौतुक करणाऱ्यांना काय ठाऊक, झाडताना मी मिससाहेबांच्या खुर्चीखालचा केर मुद्दाम तसाच सोडायची.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी हट्ट धरला की माहेरी जायचं ते सायकलवर, दोघांनीच. सकाळीच निघालो. मी पुढच्या दांडीवर, मागं कॅरियरला गाठोडं. काय सांगू, तसा प्रवास मला पुन्हा कधी घडला नाही. एका चढावर दोघं उतरून सायकल ढकलत होतो तर मागून एक मोकाट गोऱ्हा लागला, आम्ही सायकल टाकून बाभळीमागं. मग पंक्चर झालं. पंक्चरची जागा शोधायला पाणी नाही, म्हणून ह्यांनी माझ्या पाण्याच्या तांब्यात ट्यूब बुडवली, आणि नंतर तेच पाणी आम्ही तहान लागली म्हणून प्यालो. रबराचा वास येत होता आणि आम्ही हसत होतो. मी मनात म्हटलं, आज चार वाजता चहा कोणाकडं होतो ते पाहू.

तेवढ्यात मागून भोंगा वाजला. जीप! मिससाहेब खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या, "बाळ, किती बरं झालं तुम्ही भेटलात! मीसुद्धा त्याच शाळेला भेट द्यायला जात आहे. सायकल मागे टाका." त्यांचं मराठी पुस्तकातलं होतं, शब्द न् शब्द स्वच्छ. ह्यांचा चेहरा असा फुलला की मला रडू आलं. सायकल मागं, गाठोडं मागं, मीही मागं. आणि हे पुढच्या सीटवर, कारण जीप बंद पडली की उतरून हँडल मारायला लागायचं.

माहेरी पोचलो तर वडिलांनी खुर्ची आधी मिससाहेबांना दिली, आणि माझ्या सख्ख्या आईनं पहिलं ताट त्यांच्यापुढं ठेवलं. मी चार महिन्यांनी घरी आले होते. मी चुलीमागं जाऊन बसले आणि पोट दुखतंय म्हणून सांगितलं. एका अर्थी खरंच होतं ते.

दुसरा किस्सा झरीकडच्या दौऱ्याचा. हिवाळ्यात आम्ही तिघं डोळ्यांची औषधं, चित्रांचा फलक आणि पेटी घेऊन जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या गावांकडं जायचो. एका नाल्यात जीप रुतली. पाणी गुडघाभर, खाली काळा चिखल. ह्यांनी आधी पेटी पलीकडं नेली, मग औषधांची ट्रंक नेली, मग मिससाहेबांना पाठीवर घेतलं. साठीची बाई, बूट हातात धरून पाठीवर बसली आणि "सावकाश, बाळ, सावकाश" करत पलीकडं गेली. मी जीपच्या बॉनेटवर चढून बसले.

"ये ना वं," पलीकडून हे म्हणाले.

"मले कोण आणन?"

"तू तं चालत येऊ शकतं ना! तुले काय झालं?"

"मले काई नाई झालं," मी म्हटलं, "म्हणूनच तं!"

काठावर पाणी भरायला आलेल्या बाया हसून हसून वाकल्या. त्यांना आमची भाषा कळत नव्हती, पण बॉनेटवरची बाई बरोबर कळली होती. शेवटी मी लुगडं खोचून चालतच गेले आणि दोन दिवस तोंड उघडलं नाही. मिससाहेबांनी रात्री आपलं कोरडं पांघरूण मला दिलं, ते मी पेटीवर घातलं.

आता भाकरीचं सांगते, कारण सगळं तिथंच येऊन ठेपलं. आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून देवळात ताट फिरायचं आणि सगळ्यांनी भाकरीचा एकेक तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. त्याची भाकर गव्हाची, बिनखमिराची, दुधात भिजवलेली, आणि ती एकाच घरी व्हायची. द्राक्षरसासाठी शुक्रवारी मनुका भिजत घालायच्या आणि शनिवारी उकळून गाळायच्या. हे काम कितीतरी वर्षं मिससाहेबांच्या बंगल्यात होत आलं होतं. त्याला एक रीत होती. भाकर करणारीच्या मनात कोणाविषयी अढी नको. असली, तर शनिवारी सकाळी पिठाला हात लावण्याआधी तिनं त्या माणसाच्या दारी जायचं आणि क्षमा मागायची. कारण सांगायची सक्ती नव्हती. पण समोरच्यानं विचारलंच तर खरं सांगायला लागायचं. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, आधी दार, मग पीठ.

शनिवारी मिससाहेब छत्री घेऊन निघाल्या की मिशन कंपाउंडातल्या सगळ्या बाया दारात. आज कोणाची पाळी? कधी माळ्याच्या दारी जायच्या, कधी देवळात उपदेश करणाऱ्या पाळकांच्या. एकदा दुधवाल्याच्या दारी गेल्या तर तो घाबरून म्हणाला, "बाईसाहेब, पाणी थोडंसंच टाकलं होतं!"

लग्नानंतरच्या पावसाळ्यात एका शनिवारी ती छत्री माझ्या दारात येऊन थांबली. मी तांदूळ निवडत होते.

"मी तुमच्यावर रागावले आहे," मिससाहेब म्हणाल्या. "मला क्षमा करा."

"माफ हाये," मी सुपातून नजर न उचलता म्हटलं. त्या थोडं थांबल्या. मी विचारलं नाही. त्या गेल्या.

पुढच्या महिन्यात परत आल्या. तिसऱ्या महिन्यात परत. समोरच्या घरातली शेजारीण, जिच्याकडं नुकतीच बुद्धाची तसबीर आली होती आणि जी आता आमच्या घंटेच्या वेळेलाच आपली वंदना म्हणायची, ती मला विचारू लागली, "काय करतं वं तू त्या म्हातारीले? दर खेपी तुह्याच दारी काहून येते?" मी संतापले. हिचं पुण्य होतं आणि माझी बदनामी होते! मला वाटलं, ही मुद्दाम करते, सगळ्या गल्लीला दाखवायला.

एकोणसाठ साली मिससाहेबांच्या बोटांचे सांधे सुजले, पीठ मळवेना. सगळ्यांना वाटलं काम मंडळीच्या पंचांच्या बायकोकडं जाणार. तिनं तर नवीन परातही घासून ठेवली होती. मिससाहेबांनी पंचांच्या बैठकीत माझं नाव सांगितलं. मी! एकवीस वर्षांची! मला आनंद झाला तो लपवता आला नाही, आणि पंचांच्या बायकोचा चेहरा पाहून तो दुप्पट झाला. ह्यांनी घासलेटचा डबा कापून मला भट्टी करून दिली, खाली निखारे, वर निखारे, मध्ये भाकर. मी ती भट्टी शेजारपाजारच्या बायांना बोलावून दाखवली. मग हे सहज बोलून गेले, "मी बारा वर्षांचा होतो तवा मिसमायले अशीच करून देल्ली होती." झालं. माझ्या भट्टीचं सोनं क्षणात पत्रा झालं.

दर महिन्याला मी रीत पाळायची. पंचांच्या बायकोच्या दारी तर लागोपाठ तीनदा जाऊन आले. बंगल्याच्या दारी मात्र कधी गेले नाही. मी स्वतःला सांगायची, माझ्या मनात काही नाही, म्हातारी बाई ती, तिच्याशी कसली अढी.

साठ साली हिवाळा सरता सरता बातमी आली की मिससाहेबांची नोकरी संपली. बंगला सोडायचा आणि आपल्या देशी परत जायचं, असा मिशनचा नियम. मी देवाचे आभार मानले. हो, मानले. गुडघे टेकून मानले.

तिसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ह्यांनी आमच्या मागच्या खोलीला चुना मारला. मग एक फळी ठोकली, पण इतकी उंच की माझा हात पोचेना.

"एवढ्या वर कायले ठोकली? मले कशी पुरन?"

"तुह्यासाठी नाई," हे म्हणाले. तोंड भिंतीकडंच होतं. "मिसमायले ठेवून घ्यावं म्हणतो आपल्याकडं. तिचं तिकडं कोणी नाई आता. एक भाऊ होता, तो गेला. छत्तीस वर्षं इथंच राह्यली ते. तिकडं जाऊन काय करन?"

मी खाली बसले. दोन खोल्यांचं घर. सकाळी ती, चार वाजता ती, जेवताना ती.

"मंग विचारा ना तिले," मी म्हटलं.

"म्या विचारलं तं तिले वाटन, पोरगा उपकार फेडून राह्यला. ते नाई म्हणन. घरच्या बाईनं बोलावलं तरच माणूस दुसऱ्याच्या घरात राहाले येते. तू विचार." मग वळून माझ्याकडं पाहिलं. "तुले नसन पटत तं नको विचारू. मले तसं सांग. मी पुन्हा विषय काढणार नाई."

तोंडावर नाही म्हणायला धमक लागते. ती माझ्यात नव्हती. मी म्हटलं, "विचारते."

दोन दिवसांनी शनिवार होता, भाकरीचा शनिवार. मी सकाळीच बंगल्यावर गेले. व्हरांड्यात लाकडी पेट्या उघड्या पडलेल्या, पुस्तकं, कंदील, ह्यांनी लहानपणी तारेची केलेली एक मोटार. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "मी तुमच्यावर रागावले आहे. मला क्षमा करा."

मिससाहेबांनी मान वर केली. "कशाबद्दल?"

दोन वर्षं त्या माझ्या दारी येत होत्या आणि मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. आता खरं सांगणं भाग होतं. मी सांगितलं. चार वाजताचा चहा, जीपची पुढची सीट, झरीचा नाला, माझ्या आईनं वाढलेलं पहिलं ताट. घडाघडा सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "तुम्ही कशाबद्दल रागावला होता?"

"लग्नापूर्वी तो दिवे लागेपर्यंत माझ्याजवळ बसत असे," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यावर तो चहा घाईने पिऊ लागला. दारात उभा राहून पीत असे. मला फार राग येत असे तुमचा."

मला काय वाटलं म्हणता? दया आली असेल, डोळे भरले असतील? छे! मला वाटलं, पाहा, म्हणजे माझा संशय खराच होता! हिला तो हवाच होता. आणि तो चहा उभ्यानं पीत होता, माझ्यासाठी! मी आतून इतकी खूश झाले की तोंडावर दिसू नये म्हणून पेट्यांकडं पाहू लागले.

त्या एका पेटीला दोरी बांधत होत्या. सुजलेल्या बोटांनी गाठ बसत नव्हती. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तुमच्या मागच्या खोलीत दुपारी ऊन येतं का?"

ह्यांच्या केसांत दोन दिवस चुना होता. त्यांनी चार वाजता तो पाहिला असणार. त्या काय विचारत आहेत ते मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. त्या खोलीत ऊन यायचं. दुपारभर यायचं. मी पापड तिथंच वाळवायची.

"नाही," मी म्हटलं. "ओल असते."

"बरं," मिससाहेब म्हणाल्या. त्यांनी दोरी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

घरी आले तर हे भट्टीजवळ उभे. "काय म्हणाली?"

"नको म्हणाल्या," मी म्हटलं. "म्हणाल्या, आपल्या देशात जाऊन मरायचंय."

हे वळून दुकानाकडं गेले. मी पीठ भिजवलं. भाकर कधी नव्हे इतकी छान झाली, वरून बदामी, आतून मऊ. दुसऱ्या दिवशी ताट माझ्यापुढं आलं, मी तुकडा उचलला, तोंडात टाकला. वाटलं होतं घशात अडकेल. अडकला नाही. सरळ खाली गेला.

मिससाहेब गेल्या तो दिवस. मोटारस्टँडवर सगळी मंडळी जमलेली, धामणगावला रेल्वे पकडायची होती. ह्यांनी पेट्या टपावर चढवल्या. मग खाली उतरून त्यांच्यासमोर उभे राहिले, आणि दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. हे बोलले नाहीत, कारण ह्यांना वाटत होतं तिनं नाही म्हटलंय. त्या बोलल्या नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. मधे मी, हातात त्यांच्यासाठी केलेल्या दशम्यांचा डबा धरून. माझ्या एका शब्दाचं काम होतं. कंडक्टरनं घंटी वाजवली. मिससाहेबांनी डबा घेतला आणि म्हणाल्या, "त्याला चहात साखर कमी लागते." जाता जाता तेसुद्धा मलाच शिकवून गेल्या! मोटार वळेपर्यंत मी ह्याच रागात होते.

मग मला हवं ते सगळं मिळालं. चार वाजता हे घरी यायचे. मी चहा द्यायची, साखर मुद्दाम जास्त घालायची, आणि हे न बोलता प्यायचे. बंगल्यात आलेल्या नवीन साहेबांच्या जीपला त्यांनी हात लावला नाही. घंटा वाजवायचे, बत्त्या भरायचे, पण पूर्वीसारखं गुणगुणायचे नाहीत. एकदाच, चहाचा कप खाली ठेवताना म्हणाले, "सख्खी माय असती तं राह्यली असती." त्यानंतर तो विषय नाही.

नाताळाला मिससाहेबांचं पत्र यायचं, मराठीत, गोल गोल अक्षरात. भाकर कोण करतं, जीप कशी आहे, पंचांची बायको बोलते का. हे पत्र वाचायचे आणि घडी घालून उंच फळीवर ठेवायचे. उत्तर मी लिहायची. 'आम्ही उभयता सुखी आहोत' असं लिहायची. दर महिन्याला शनिवारी कोणाच्या तरी दारी जाऊन यायची, गल्लीभर माझ्या नम्रपणाची वाहवा. माझ्याच घरातल्या माणसाशी बोलायचं होतं, तेवढं राहून जात होतं.

चौथ्या वर्षी नाताळाचं पत्र आलं नाही. जानेवारीत आलं ते पाळकांकडं, तिकडच्या कोणा पाळकांचं, इंग्रजीत. आमच्या पाळकांनी शुक्रवारी घरी येऊन मराठीत वाचून दाखवलं. मिससाहेब गेल्या. म्हाताऱ्यांच्या आश्रमात होत्या, पहिल्या दिवसापासून तिथंच. आपली इथली शाल पायांवर घालून खिडकीशी बसायच्या.

"आश्रमात?" हे म्हणाले. "आश्रमात काहून? ते तं आपल्या मनानं तिकडं गेली होती ना?"

पाळकांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याचा तांब्या उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी भाकरीचा शनिवार होता. परातीत पीठ काढलं. दूध गरम केलं. आणि माझा हात पिठात जाईना. हे दुकानाला निघत होते. मी पदराला हात पुसले आणि उंबऱ्यात त्यांची वाट अडवून उभी राहिले.

"म्या तिले विचारलंच नव्हतं," मी म्हटलं.

ह्यांना आधी कळलं नाही. मग कळलं.

"तिनं काय म्हटलं होतं? खरं सांग."

"मागच्या खोलीत ऊन येते काय, असं विचारलं."

हे वळून मागच्या खोलीकडं पाहत राहिले. ओरडले असते, हात उगारला असता, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी काही केलं नाही. "अन् तू काय म्हटलं?" असंही विचारलं नाही. आपली खाट उचलली, मागच्या खोलीत नेऊन टाकली आणि दुकानाला गेले.

मी परातीतलं कोरडं पीठ डब्यात परत ओतलं आणि पंचांच्या बायकोकडं गेले. म्हटलं, "माझ्याकडून होणार नाही." तिनं कारण विचारलं नाही. आमच्या मंडळीत ह्या एका वाक्याचा अर्थ पोरासोरांनासुद्धा कळायचा. त्या घरात शांती नाही. रविवारी भाकर तिच्या घरची आली, ताट माझ्यापुढं आलं, आणि मी तुकडा न घेता ते पुढं सरकवलं. हे रांगेच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनीही सरकवलं. सगळ्या देवळानं पाहिलं.

तीन महिने असे गेले. हे मीठ मागायचे, पाणी मागायचे, बाकी काही नाही. दुपारी जेवून मागच्या खोलीत पडायचे, अंगावर ऊन घेऊन. मी पापड वाळवणं बंद केलं.

चौथ्या महिन्यातल्या शनिवारी मी उठले तर भट्टीतून धूर येत होता. हे उकिडवे बसून निखारे फुंकत होते. राख केसांत उडालेली.

"पीठ भिजव," ते म्हणाले.

मी तशीच उभी. माफ आहे, असं काही म्हणतील म्हणून वाट पाहिली. म्हणाले नाहीत. मग मी म्हटलं, "मनुका नाई भिजवल्या. त्या कालच टाकाले पाह्यजे होत्या."

"म्या काल टाकल्या, पंचांच्या घरी सांगून आल्यावर," हे म्हणाले, आणि फुंकणी पुन्हा तोंडाला लावली.

मी झाकण काढून पाहिलं. पातेल्यात मनुका टम्म फुगल्या होत्या. एकीलाही देठ नव्हता. बसून एकेक निवडली होती. मी कधीच देठ काढत नसे, एवढा सोस कोण करतो! मिससाहेब काढायच्या. त्यांनीच शिकवलं असणार लहानपणी, शेजारी बसवून. आणि बाप्पा, खोटं कशाला सांगू, त्या बिनदेठाच्या मनुका पाहून मला पुन्हा तिचाच राग आला. मेल्यावरसुद्धा ही आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती.

म्हणजे मन स्वच्छ नव्हतंच. आधी दार. पण आता कोणाचं दार?

मी मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. सकाळची वेळ, ऊन अजून तिकडं यायचं होतं. ह्यांची खाट, उंच फळीवर पत्रांची चळत. मी डोक्यावर पदर घेतला.

"मिसमाय," मी म्हटलं, "मी तुमच्यावर रागावले आहे. मला क्षमा करा."

मागं फुंकणीचा आवाज थांबला होता. मी वळून पाहिलं नाही. स्वयंपाकघरात आले, हात धुतले आणि परात ओढली.